पोकरमधे मधल्या ताकदीचा हात आणि समोर सतत बेट मारणारा खेळाडू: कॉल कधी, फोल्ड कधी

राजा-गुलाम हातात आहे, फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) राजा आला, समोरच्याने बेट मारली (पैसे लावले), आपण कॉल (तेवढेच भरले). टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) परत बेट, परत कॉल. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) तो पाच हजारांच्या चिप्स पुढे सरकवतो आणि मग आपण डोकं खाजवत विचार करायला बसतो. माझं सरळ म्हणणं आहे की हा विचार फ्लॉपवरच करायचा होता. आणि रिव्हरला विचारायचा प्रश्नही "मी पुढे आहे का" हा नाहीये. तो कोणालाच कळत नाही. प्रश्न असे आहेत: हा माणूस इथपर्यंत किती ब्लफ (रिकाम्या हाताने मारलेल्या बेट) घेऊन येतो, आणि मला कॉल करायला भाव काय मिळतोय? ह्या दोन गोष्टी जमल्या की मधले हात खेळणं बऱ्यापैकी हिशोबाचं काम होतं.

पुढचं सगळं नो-लिमिट टेक्सास होल्डेमबद्दल आहे (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, बेटला मर्यादा नाही), नऊ जणांचं टेबल, कॅश गेम, म्हणजे चिप्स हेच खरे पैसे. ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आल्यापासून आपल्याकडे पैसे लावून पोकर म्हणजे मुख्यतः पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर समोरासमोर बसून. म्हणजे समोरच्याची आकडेवारी स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर नाही, जे काही कळायचं ते डोळ्यांनी बघून. म्हणून मी सगळं टेबलावर मनातल्या मनात करता येईल असंच सांगतोय.

आधी ठरवा, हात खरंच मधला आहे का

मधला हात म्हणजे असा हात जो ब्लफला हरवतो पण समोरच्याच्या खऱ्या, पैसे मिळवायला मारलेल्या बेटला बहुतेक वेळा हरतो. टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) पण किकर (हातातला दुसरा पत्ता) बरा-बरा, दुसऱ्या नंबरची जोडी, फ्लॉपवर राणी आलीये आणि हातात १०-१०, असे सगळे.

पण हे पत्त्यांवर जेवढं तेवढंच स्टॅकवर, म्हणजे पुढ्यात किती चिप्स आहेत त्यावर पण अवलंबून आहे आणि हे लोक विसरतात. ब्लाइंड (दोन खेळाडूंनी आधीच सक्तीने भरायचे पैसे, स्मॉल आणि बिग) १००-२०० आहेत आणि तुमच्याकडे २०,००० आहेत, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. साधा ६०० चा रेझ (वाढवलेली बेट), एकच कॉल, तर पॉट (मधे जमलेले पैसे) होतो साधारण १३००, मागे उरतात १९,४००, पॉटच्या जवळजवळ १५ पट. इथे टॉप पेअर हा मधलाच हात, अख्खा स्टॅक आत जाणार असेल तर बहुतेक वेळा तुम्ही मागे असता. आता तोच ६०० चा रेझ, त्यावर २००० चा थ्री-बेट (रेझवर परत रेझ) आणि कॉल झाला, तर पॉट ४३०० च्या आसपास आणि मागे १८,०००, म्हणजे चार पटीच्या थोडं वर. तीच टॉप पेअर आता बरीच मजबूत झाली. आणि कोणाकडे ५-६ हजारच उरले असतील तर त्याच्याविरुद्ध टॉप पेअर घेऊन इतका विचार करायचाच नाही, पैसे आत घालायचे.

मग ठरवा, समोरचा कुठल्या प्रकारचा आक्रमक आहे

सगळ्या आक्रमक खेळाडूंना एकाच मापाने मोजणं ही सगळ्यात महाग सवय आहे. मला चार प्रकार वेगळे करावेसे वाटतात.

पहिला, जो फ्लॉपवर नेहमी बेट मारतो आणि कोणी कॉल केला की टर्नवर गप्प बसतो. हा दिसायला आक्रमक, पण त्याची दुसरी बेट बहुतेक वेळा खरी असते. ह्याच्याविरुद्ध फ्लॉपला दुसरी जोडी घेऊनही निवांत कॉल करा, आणि टर्नला त्याने परत मारली तर तीच जोडी निवांत टाका.

दुसरा, चांगला आक्रमक. हा बोर्ड (टेबलावर उघडलेले पत्ते) बघून मारतो. टर्नला एक्का पडला, तिसरा बदाम पडला, की मारणार, कारण ते पत्ते त्याच्या हाताला शोभतात. फालतू पत्ता पडला की कधी मारेल कधी नाही. हा सगळ्यात अवघड आणि खालचा सगळा हिशोब मुख्यतः ह्याच्यासाठीच आहे.

तिसरा, सरळ मॅनिअॅक. नऊ हातांच्या एका फेरीत चार-पाच वेळा रेझ करणारा, पत्ते उघडले की काहीही निघणारा. ह्याच्याविरुद्ध डोकं कमी आणि पोट घट्ट लागतं. योजना एकच, चेक (बेट न लावता पास) आणि त्याने मारली की कॉल, चेक-कॉल, चेक-कॉल, आणि मधे उगाच रेझ करून त्याला जागं करायचं नाही.

चौथा खरं तर आक्रमक नाहीच, पण लोक त्याला त्यात धरतात म्हणून सांगतो: तीन तास शांत बसलेले काका ज्यांनी अचानक टर्नला रेझ मारलाय. फोल्ड करा, म्हणजे पत्ते टाका. किकर कितीही आवडता असला तरी फोल्ड करा.

ओळखायचं कसं? समोरासमोरच्या गेममधे तासाला साधारण २५-३० हात होतात, म्हणजे तीन तासांत ८० च्या आसपास, त्यामुळे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी पत्ते उघडतात तेव्हा बघा आणि मागे जाऊन आठवा की हा हात त्याने फ्लॉप, टर्न, रिव्हर कसा खेळला. चुकलेल्या ड्रॉवर (फ्लश म्हणजे एका रंगाचे पाच, किंवा स्ट्रेट म्हणजे सलग पाच, व्हायला आलेला पण न झालेला हात) त्याने रिव्हरला मारलं की चेक केलं? ही एक माहिती त्याच्या पन्नास प्री-फ्लॉप (फ्लॉपच्या आधीच्या) रेझपेक्षा जास्त किमतीची आहे, कारण प्री-फ्लॉप रेझ कोणीही करतं, रिव्हरला रिकाम्या हाताने पाच हजार ढकलायची हिंमत फार थोड्यांत असते.

भाव काढायला शिका, हे पाठच करा

कॉलला भरायचे पैसे भागिले कॉल झाल्यावर होणारा सगळा पॉट. बस. पॉटच्या एक तृतीयांश बेट असेल तर तुम्हाला २० टक्के वेळा जिंकायला हवं. अर्ध्या पॉटला २५ टक्के, दोन तृतीयांशला साधारण २९, पूर्ण पॉटला ३३, आणि पॉटच्या दुप्पट मारली तर ४०.

ह्याच्याकडे नीट बघा: पूर्ण पॉटएवढी बेट असली तरी तीनातून एकदाच बरोबर असायला लागतं, म्हणजे दोनदा कॉल करून हरलात आणि एकदा जिंकलात तरी तुम्ही बरोबरीत. लागोपाठ दोनदा त्याने सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तिसरा तसाच पत्ता) दाखवला म्हणून "आपण चुकीचं खेळतोय" असं ठरवणारे खूप बघतो, ते चुकीचं असेलच असं अजिबात नाही. (रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जातो, त्यामुळे छोट्या पॉटमधे प्रत्यक्षात ह्याच्या थोडं वर धरा.)

उलट बाजूही आहे. तो पूर्ण पॉट मारतो आणि तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा फोल्ड करत असाल तर तो कुठलेही दोन पत्ते घेऊन फायद्यात आहे. अर्ध्या पॉटला तर तुम्ही एक तृतीयांशाहून जास्त वेळा फोल्ड केलं की त्याचं काम झालं. म्हणजे आक्रमक माणसासमोर मधले हात सरसकट टाकता येत नाहीत, त्यातले कुठले ठेवायचे हे निवडावंच लागतं.

आता एक हात पूर्ण खेळूया

ब्लाइंड १००-२००, दोघांकडे २०,०००. बटनवरचा (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या जागेवरचा) चांगला आक्रमक ६०० करतो, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, तुम्ही बिग ब्लाइंडमधे चौकट राजा आणि किलवर गुलाम घेऊन कॉल. पॉट १३००.

फ्लॉप: इस्पिक राजा, बदाम ८, बदाम ४. तुम्ही चेक, तो ७०० मारतो. भाव २६ टक्के, कॉल तर आहेच. पण थांबा, रेझ का नाही? कारण रेझ केला तर ८-७, ६-५, ९-९ असले हात, म्हणजे ज्यांना तुम्ही हरवताय, ते पळून जातील, आणि एक्का-राजा, सेट, मोठे फ्लश ड्रॉ हे थांबतील. म्हणजे चांगल्या हाताचा तुम्ही स्वतःच ब्लफ करून टाकलात. आक्रमक माणूस तुमच्यासाठी स्वतःहून पैसे घालतोय, त्याला घालू द्या.

आणि इथेच, ७०० च्या कॉलच्या वेळी, पुढचं ठरवायचं. तो दोन तृतीयांश, मग रिव्हरला थोडी मोठी बेट मारेल असं धरलं तर शेवटपर्यंत जायचा खर्च ७०० अधिक १८०० अधिक ५०००, म्हणजे ७५०० आहे. हा आकडा मनात धरून विचारा: कुठला पत्ता आला तर मी थांबणार? माझं उत्तर इथे असं की बदाम आला तर टर्नला एक छोटी बेट कॉल करेन, मोठी नाही, एक्का आला तर किंमत बघून, आणि फालतू पत्ते आले तर शेवटपर्यंत जायची तयारी. ही तयारी नसेल, म्हणजे "टर्नला मारलं तर बघू" असं असेल, तर तुम्ही टर्नला पैसे भरून रिव्हरला फोल्ड करणार, आणि आक्रमक माणसाचं पोट ह्याच पैशांवर भरतं.

टर्न: किलवर ३. चेक, तो २७०० च्या पॉटमधे १८०० मारतो, भाव साधारण २९ टक्के, कॉल. पॉट ६३००.

रिव्हर: चौकट राणी. चेक, तो ५००० मारतो. तुम्हाला ५००० भागिले १६,३००, म्हणजे ३१ टक्के लागतात.

मोजा

कुठलीही जोडी हातात यायचे ६ प्रकार असतात, दोन वेगळे पत्ते यायचे १६. दिसणारे पत्ते वजा करत जायचं. राजे आता दोनच उरलेत, बदाम आणि किलवर.

तुम्हाला हरवणारे मुख्य हात: एक्का-राजा, ४ एक्के गुणिले २ राजे, ८. राजा-राणी, २ गुणिले ३, ६. एक्का-एक्का ६. ८-८, ४-४, ३-३ चे सेट प्रत्येकी ३, म्हणजे ९. राजा-राजा फक्त १. एकाच रंगाचे राजा-८, राजा-४, राजा-३ मिळून ३. बेरीज ३३.

चुकलेले हात: तुमच्या हातात एकही बदाम नाही, त्यामुळे फ्लश ड्रॉ सगळे शिल्लक आहेत. एक्का घेऊन येणारे, म्हणजे बदाम एक्क्यासोबत गुलाम, १०, ९, ७, ६, ५, २ असे ७, आणि गुलाम-१०, गुलाम-९, १०-९, ९-७, ७-६, ७-५, ६-५ हे अजून ७. झाले १४. वर बाकीच्या तीन रंगांतले ७-६ आणि ६-५, ज्यांचा स्ट्रेट लागला नाही, ते ६. एकूण २०.

आता बघा काय होतं. समोरचा हे वीसच्या वीस रिव्हरला मारणारा असेल तर ५३ पैकी २०, जवळजवळ ३८ टक्के, लागत होते ३१, कॉल. सरासरी साडेअकराशेच्या आसपास फायदा. पण तो चुकलेल्या ड्रॉंपैकी निम्मेच मारत असेल तर ४३ पैकी १०, २३ टक्के, आणि तोच कॉल सरासरी बाराशेने तोट्यात. पत्ते तेच, बोर्ड तोच, बेट तीच! म्हणून मघाशी म्हटलं की तो चुकलेला ड्रॉ रिव्हरला मारतो का ही माहिती सगळ्यात महत्त्वाची. तो मॅनिअॅक असेल तर वर राजा-१० सुद्धा मारेल, त्याचे ८ प्रकार आहेत आणि ते सगळे तुम्हाला हरतात, मग तर कॉल आणखी सोपा.

टेबलावर एवढं मोजत बसायला वेळ नसतो हे मान्य. पण घरी पत्त्यांचा जोड आणि कागद घेऊन असे हात मोजत बसलात की टेबलावर "खरे तीसेक, ब्लफ वीसेक" असा अंदाज आपोआप यायला लागतो, आणि अंदाज पुरतो.

तुमच्या हातातला दुसरा पत्ता काय अडवतोय

वरच्या हातात गुलाम किलवरचा होता. तो बदामचा असता तर? एक्का-गुलाम, गुलाम-१०, गुलाम-९ हे तीन बदामी ब्लफ त्याच्याकडे असूच शकत नाहीत. वीसचे सतरा झाले, ५० पैकी १७, ३४ टक्के. अजून कॉलच, पण फायदा निम्म्याहून कमी झाला. म्हणजे फ्लश चुकलेल्या बोर्डवर तुमच्या हातात त्या रंगाचा पत्ता असणं कॉलसाठी वाईट. आणि ह्याउलट, त्याच्या मोठ्या हातांतला पत्ता तुमच्याकडे असेल तर चांगलं, हातात एक एक्का असला की एक्का-एक्काचे ६ प्रकार सरळ ३ वर येतात. दोन मधल्या हातांत कुठला ठेवू असं झालं की किकरपेक्षा आधी हे बघा.

रिव्हरला राणीऐवजी बदाम पडला असता तर वरचे १४ ब्लफ सगळे फ्लश झाले, ते आता तुम्हाला हरवतायत, ब्लफ म्हणून राहिले फक्त ते ६ स्ट्रेटवाले, त्यातही सगळे तो मारणार नाही. फोल्ड, जास्त विचार न करता. ड्रॉ पूर्ण करणारा पत्ता आणि फालतू पत्ता यात एवढा फरक आहे, आणि बरेच जण नेमकं उलटं करतात, फालतू रिव्हरला घाबरून टाकतात आणि फ्लश लागला तरी "एवढे भरलेत आता बघूच" म्हणून भरतात.

ह्यावरून एक गोष्ट बोलायलाच हवी. दिवाळीच्या तीन पत्तीतून पोकरकडे आलेल्यांना शो मागायची सवय असते, दोघं उरले की पैसे टाकून बघून घ्यायचं. तिथे ते ठीक आहे. इथे रिव्हरची बेट पॉटच्या मापाने येते, नुसतं बघण्याची किंमत ५००० असते, आणि "मला दाबतोय काय" ह्या रागात केलेला कॉल बहुतेक वेळा त्याच बदामी रिव्हरवर होतो. मागच्या हातात त्याने ब्लफ दाखवून चिडवलं असेल तर एक हात न खेळता बसून घ्या.

तुम्ही शेवटी बोलणारे असाल तर

पोझिशन तुमच्याकडे असली की मधला हात खूप आरामात खेळता येतो. फ्लॉपला तुम्ही बेट मारलीत, त्याने कॉल केला, टर्नला तो चेक करतो. इथे आक्रमक माणसाविरुद्ध बऱ्याचदा मागे चेक करा. एक तर चेक-रेझ (आधी चेक करून मग तुमच्या बेटवर रेझ) खाऊन अवघडात पडणार नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्ही कमजोर आहात असं वाटून तो रिव्हरला ब्लफ मारेल जो तुम्ही कॉल करणार आहात. हे कोरड्या बोर्डवर, म्हणजे राजा-७-२ वेगवेगळ्या रंगांचे अशा ठिकाणी. दोन बदाम आणि सलग पत्ते असलेल्या बोर्डवर मात्र फुकट पत्ता देऊ नका. फ्लश ड्रॉला एका पत्त्यात साधारण १९ टक्के संधी असते, फ्लॉपपासून दोन्ही पत्ते धरून ३५, त्याचे पैसे घ्या.

चेक-रेझ आलाच तर? फ्लॉपवर, ड्रॉ असलेल्या बोर्डवर, खऱ्या आक्रमकाकडून: टॉप पेअर असेल तर एकदा कॉल, टर्नचा पत्ता बघून पुढचं. टर्न किंवा रिव्हरवरच्या चेक-रेझला एक जोडी टाकायची, अगदी आक्रमक माणसाविरुद्धही, कारण तिथे रिकाम्या हाताने रेझ करणारे टेबलावर क्वचितच सापडतात.

प्री-फ्लॉप थ्री-बेट करणारा

तुम्ही एक्का-गुलाम किंवा ९-९ घेऊन रेझ केलात आणि तो मागून सारखा थ्री-बेट मारतोय. तो ब्लाइंडमधे आणि तुम्ही बटनवर असाल तर कॉल, फ्लॉपनंतर त्याला आधी बोलायचंय. तो तुमच्या मागे, म्हणजे पोझिशन त्याच्याकडे असेल, तर एक्का-गुलाम वेगवेगळ्या रंगांचा असेल तर टाका, वाईट वाटून घेऊ नका, आणि सुरुवातीच्या जागांवरून तुमचे रेझच थोडे कमी करा. जमलं तर जागाच बदला. अशा माणसाच्या डाव्या हाताला बसायला मिळालं तर निम्मे प्रश्न सुटतात, कारण तो तुमच्या आधी बोलतो.

काही ठिकाणी हा सगळा हिशोब बदलतो

तीन-चार जण पॉटमधे असतील तर ब्लफ झपाट्याने कमी होतात, आक्रमक माणूससुद्धा तिघांवर मारताना विचार करतो, आणि त्याच्याशिवाय मागे बसलेल्या कोणाकडे सेट असू शकतो. इथे दुसरी जोडी फ्लॉपलाच टाका.

पॉटहून मोठी बेट आली की लोक घाबरतात. भाव काढा, दुप्पटला ४० टक्के, म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक ३ खऱ्या हातांमागे २ ब्लफ असायला हवेत. चांगल्या आक्रमकाकडे चुकलेल्या ड्रॉच्या बोर्डवर ते असू शकतात. कोरड्या बोर्डवर, जिथे ड्रॉच नव्हता, तिथे ते येणार कुठून? त्यामुळे टाका.

आणि हात संपला की, जिंकलात किंवा हरलात तरी, त्याचे पत्ते उघडले असतील तर फोनमधे दोन ओळी लिहा: बोर्ड काय होता, प्रत्येक वेळी किती मारलं, निघालं काय. "टर्न सोडला", "रिव्हरला चुकलेला फ्लश मारला, पाऊण पॉट", एवढं पुरे. तोच माणूस पुढच्या वेळी परत समोर बसला की ३८ टक्के धरायचे की २३, ते ह्या दोन ओळी सांगतात.